कललेली सुई

सिंगापूरला येताना वजनाच्या मर्यादेपायी मी बऱ्याच वस्तू मागे ठेवल्या, पण एक होकायंत्र बॅगेच्या कोपऱ्यातून तसंच आलं. आठवीच्या वर्गाला भूगोल शिकवण्यासाठी ते मी स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं, म्हणून शाळा सोडली तरी माझ्याकडेच राहिलं. पितळी डबी, काचेखाली बारीक सुई, एवढाच त्याचा थाट. इथे आल्यावर कपाटाच्या तळाशी ते पाच वर्षं पडून होतं. गेल्या जूनच्या सुट्टीत मुलीला ते सापडलं आणि आम्ही दोघी ते घेऊन फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर गेलो.

धोबी घाट स्टेशनाच्या (हे नाव उच्चारताना अजूनही घरी आल्यासारखं वाटतं) मागून पायऱ्या चढल्या की दहा मिनिटांत माणूस झाडांत हरवतो. एका बाकावर बसून मुलीने डबी उघडली, सपाट धरली आणि म्हणाली, "आई, तुझं होकायंत्र बिघडलंय."

सुई उत्तर-दक्षिण दाखवत होती, पण आडवी राहत नव्हती. तिचं दक्षिणेकडचं टोक खाली कलून तबकडीला घासत होतं. डबी हलवली, टिचकी मारली, तरी तेच. भारतात हीच सुई पाण्याच्या पातळीसारखी सरळ असायची. मी "जुनं झालंय गं" म्हणून डबी मिटली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. एम.ए.ला भूगोल, त्यानंतर सहा वर्षं वर्गात शिकवणं, आणि मुलीच्या साध्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर देऊन बसले होते.

होकायंत्र बिघडलं नव्हतं, आम्हीच जागा बदलली होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ओढा फक्त उत्तरेकडे नसतो, तो तिरपा असतो. मुंबई-अलिबागच्या भागात उत्तरेकडचं टोक सुमारे पंचवीस अंशांनी जमिनीकडे ओढलं जातं. होकायंत्र बनवणारा ते ओळखून सुईच्या दुसऱ्या बाजूला किंचित जास्त वजन ठेवतो आणि सुई आडवी राहते. सिंगापूर नकाशावर विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, जेमतेम सव्वा अंश. पण चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे हा ओढा अगदी आडवा असतो ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून निघून आपल्या डोक्यावरून, थायलंडच्या आखातापासून व्हिएतनामच्या दक्षिणेकडे जाते. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने आपण सिंगापूरकर उत्तर गोलार्धातले आणि चुंबकाच्या हिशेबाने दक्षिणेतले. इथे दक्षिणेकडचं टोक सुमारे पंधरा अंश खाली ओढलं जातं, त्यात भारतातल्या कारागिराने त्याच बाजूला ठेवलेलं वजन. सुई घासणारच.

मुलीला हे सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न तयार: "पण हे इथे पहिल्यांदा कोणी मोजलं?"

उत्तर शोधता शोधता मी थेट आपल्या कुलाब्याला पोचले. एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाचं गणित जर्मनीत गाउसने मांडलं आणि जगभर एकाच वेळी मोजमापं करण्याची लाट आली. सिंगापूरचा कारभार तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे, कलकत्त्याहून चालायचा. कंपनीने तिच्या मुलखात चुंबकीय वेधशाळांसाठी जी ठिकाणं निवडली ती अशी: मद्रास, सिमला, मुंबई आणि सिंगापूर. सिंगापूरला मद्रास इंजिनिअर्समधला चार्ल्स मॉर्गन इलियट आला. १८४१ ते १८४५ या काळात इथे सुया टांगून नोंदी घेतल्या गेल्या. पुढे इलियट उपकरणं घेऊन जावा, सुमात्रा, बोर्निओ असा हिंडला. इथल्या हवेच्या दाबाच्या नोंदींतून त्याने चंद्रामुळे वातावरणातही भरती-ओहोटी होते हे दाखवलं, तो निबंध १८५२ सालचा आहे. आज टॅक्सीवाल्याला इलियट कोण म्हणून विचारलं तर तो माझ्याकडेच बघेल.

आणि मुंबईत? कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्याच काळात एक मराठी मुलगा काम करत होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले केरूनाना. जन्म अलिबागजवळच्या नागावचा. माझं आजोळ अलिबागचं, नागावच्या वाडीत आम्ही सुट्टीत जायचो, तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही माझ्या वर्गात सांगितलं नाही.

या वेधशाळांची शिस्त वाचताना आपणच दमतो. ठरावीक दिवशी सगळीकडच्या सुया एकाच क्षणी वाचायच्या, आणि घड्याळ सर्वांनी मानायचं ते गाउसच्या गटिंगेन गावचं. त्या दिवशी रात्र असो, पाऊस असो, दर काही मिनिटांनी कोणीतरी दिव्याच्या उजेडात आकडा वहीत उतरवत असे. सिंगापूरच्या दमट रात्री, पंखा नाही, डास भरपूर. त्या हातांपैकी बहुतेकांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? तर सुई स्थिर नसते. रोज, सूर्याबरोबर, ती अगदी थोडी सरकते आणि रात्री बऱ्यापैकी शांत होते. पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक आहे एवढंच धरलं, तर त्या चुंबकाला दिवस-रात्रीशी काय देणंघेणं?

याचा उलगडा करण्यात मुंबईच्या नोंदींचा हात आहे. १८८९ साली आर्थर शुस्टर या शास्त्रज्ञाने मुंबई, लिस्बन, ग्रिनिच आणि सेंट पीटर्सबर्ग या चार ठिकाणचे आकडे घेतले आणि गाउसच्या गणिताने त्यांची फोड केली. निष्कर्ष असा की या रोजच्या हालचालीचं मुख्य कारण जमिनीत नाही, वर आकाशात आहे. सूर्याच्या उन्हाने हवेचा वरचा थर विद्युतवाहक होतो आणि तिथे प्रवाह वाहतात. सुमारे एकशे दहा किलोमीटर उंचीवरच्या या थराला आज आपण आयनांबर म्हणतो. पण कारण फक्त वरचंही नव्हतं. एक भाग खालून, जमिनीतूनच येत होता. आजच्या हिशेबाने वरचे दोन भाग, तर खालचा एक.

हा खालचा भाग म्हणजे या लेखाचा खरा विषय. तो समजावताना मला फळा लागला नाही, स्वयंपाकघर पुरलं. आपल्यापैकी अनेकांकडे इंडक्शनची शेगडी आहे. तिच्यात जाळ नसतो. काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यातला प्रवाह सतत बदलतो, आणि त्या बदलामुळे वर ठेवलेल्या पातेल्याच्या बुडात आपोआप प्रवाह फिरू लागतात. पातेलं तापतं ते या प्रवाहांमुळे. पुस्तकी भाषेत यांना प्रवर्तित प्रवाह म्हणतात. आता शेगडी उलटी कल्पा: वेटोळं आकाशात, पातेलं म्हणजे आपली पृथ्वी. वरचा प्रवाह बदलला की जमिनीत आणि समुद्रात प्रवाह सुरू होतात, आणि हे प्रवाह त्यांचं स्वतःचं छोटं चुंबकत्व निर्माण करतात. आकाशाने हाक मारली की जमीन ओ देते. सुईवर जो परिणाम होतो तो हाक आणि ओ दोन्हींचा मिळून.

शनिवारी संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्ट पार्कला सायकली घेऊन जातो. समोर जहाजांची रांग लागलेली असते. वर्षानुवर्षं ते पाणी बघूनही माझ्या मनात आलं नव्हतं की जमिनीच्या या 'ओ'मध्ये सर्वांत मोठा आवाज बऱ्याचदा या खाऱ्या पाण्याचाच असतो. समुद्राचं पाणी कोरड्या खडकापेक्षा हजारो पटींनी चांगलं विद्युतवाहक आहे. म्हणून प्रवाह जमिनीतून जायचे ते वाट मिळाली की समुद्रात शिरतात, किनाऱ्याजवळ गोळा होतात, सामुद्रधुनीत दाटीवाटीने वाहतात. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात असंच होतं आणि आसपासच्या वेधशाळांतल्या नोंदी त्यामुळे वेगळ्याच दिसतात, हे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अभ्यासकांनी बारकाईने तपासलं आहे.

शिवाय समुद्राला आकाशाच्या हाकेचीही गरज नसते. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून नुसतं वाहिलं तरी त्यात प्रवाह निर्माण होतो. १८३२ मध्ये फॅरेडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तारा सोडून हे पकडायचा प्रयत्न केला आणि त्याला यश आलं नाही. जे त्याला पुलावरून जमलं नाही ते २००३ साली उपग्रहाच्या मोजमापांतून दिसलं. चँप नावाच्या जर्मन उपग्रहाच्या आकड्यांत समुद्राच्या भरती-ओहोटीचा चुंबकीय ठसा सापडला. केवढा? एक-दोन नॅनोटेस्ला. सिंगापूरचं एकूण चुंबकत्व सुमारे बेचाळीस हजार नॅनोटेस्ला आहे. म्हणजे बेचाळीस हजार रुपयांच्या हिशेबात एक-दोन रुपये शोधून काढल्यासारखं झालं.

आता आपण उपग्रहांपाशी आलोच आहोत. नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने स्वार्म नावाचे तीन जुळे उपग्रह सोडले. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं हेच त्यांचं काम. त्यांपैकी खालची जोडी सुमारे साडेचारशे किलोमीटर उंचीवरून फिरत आली आहे. इथून कुआलालंपूर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. त्याहून थोडंसं जास्त, फक्त उभं. अशा एकेका उपग्रहाच्या दिवसाला पंधराएक फेऱ्या होतात. आपल्या फोनमधल्या नकाशावर जो बाण दिशा दाखवतो, त्यामागचं चुंबकत्वाचं गणित दर पाच वर्षांनी नव्याने मांडतात, आणि त्याला अशाच मोजमापांचा आधार असतो.

मला आधी वाटायचं की उपग्रह जमिनीपासून दूर, म्हणजे त्याचं मोजमाप स्वच्छ. प्रत्यक्षात अडचण तिथेच सुरू होते. कागदावर तीन आडव्या रेघा ओढा. मधली रेघ आयनांबरातला प्रवाह, खालची जमिनीतला प्रवाह, वरची उपग्रहाची वाट. दुपारी आपल्या या पट्ट्यात वरचा प्रवाह पूर्वेकडे वाहतो, तर जमिनीतला त्याच्या उलट, पश्चिमेकडे. जमिनीवर उभा असलेला माणूस या दोघांच्या मध्ये असतो, आणि त्याच्या सुईवर दोघांचा ओढा एकाच बाजूला, उत्तरेकडे पडतो. त्यांची बेरीज होते. उपग्रह मात्र दोघांच्याही वर असतो. तिथे आयनांबराचा ओढा दक्षिणेकडे आणि जमिनीचा उत्तरेकडे, म्हणून वजाबाकी होते. त्याच दुपारी, त्याच जागी, खाली वाढ आणि वर घट. एकट्या उपग्रहाकडे बघून या घटीत हाक किती आणि ओ किती हे ठरवणं फार अवघड, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही खालूनच येतात.

त्यातून उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने पळत असतो. आकडा बदलला तो जागा बदलली म्हणून की वेळ बदलली म्हणून, हे त्याचं त्याला कळत नाही. म्हणून पृथ्वीच्या पोटातलं मूळ चुंबकत्व हवं असेल तर अभ्यासक सहसा शांत रात्रींच्या नोंदी निवडतात. तरीही सुटका नसते. मे २०२४ मध्ये सूर्यावरून मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला म्हणून भारतात बातम्या झाल्या. आमच्या खिडकीतून नेहमीसारखे ढग दिसले. पण अशा वादळात पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर फिरणारा प्रवाह विषुववृत्ताजवळचं चुंबकत्व शेकडो नॅनोटेस्लांनी उतरवतो, आणि जमिनीवर मोजलेल्या त्या घटीत साधारण पाव वाटा खुद्द पृथ्वीच्या प्रतिसादाचा असतो. खोल खडकात शिरलेले हे प्रवाह वादळ सरल्यावरही काही दिवस रेंगाळतात. रात्र शांत असते, जमीन अजून बोलत असते. हा हिशेब न करता उपग्रहाचा आकडा घेतला, तर कालच्या वादळाचा पडसाद आपण पृथ्वीच्या गाभ्याच्या नावावर मांडून बसू.

गंमत अशी की जो भाग एकाला वजा करायचा असतो तोच दुसऱ्याला हवा असतो. जमिनीने किती जोरात आणि किती उशिरा उत्तर दिलं यावरून शेकडो किलोमीटर खोल खडक किती तापलेला, त्यात पाण्याचा अंश किती, याचा अंदाज बांधता येतो. तिथवर कुठलीही विहीर खणता येणार नाही.

हे सगळं समजून घेताना मला वर्गात शिकवलेला धडा आठवत होता. फळ्यावर एक गोल, त्यात तिरपा लोहचुंबक, भोवती रेषा. सहा वर्षं मी तेच चित्र काढलं. त्या चित्रात पृथ्वी फक्त ओढते, तिच्यावर काही घडत नाही. चित्र खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. त्या वर्गातल्या कुणी मला "सुई दुपारी का सरकते?" असं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

मुलीला आता मोजायचं वेड लागलं. फोनमध्ये चुंबकत्व मोजणारं अॅप टाकून तिने रोज संध्याकाळी सात वाजता दिवाणखान्यातल्या एका टाइलवर फोन ठेवून आकडा लिहायला सुरुवात केली. दिवसातला तो बारीक फरक फोनला कळणार नाही हे मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. चौथ्या दिवशी ती धावत आली, "आई, आकडा उडी मारतोय!" आम्ही दोघी बघत बसलो आणि थोड्या वेळाने कारण कळलं. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. ती वरखाली गेली की आकडा हलायचा. पुढच्या आठवड्यात एमआरटीच्या फलाटावर ती डबी उघडून उभी राहिली. गाडी आत शिरताना सुई थरथरली.

तेव्हा तिला मी अलिबागची गोष्ट सांगितली, या वेळी बरोबर. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी चालू होत्या. १८५९च्या सप्टेंबरमध्ये आलेलं, आजवर नोंदलेलं सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या माणसांनी वहीत टिपलं. घट सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांची होती, आणि आजही जगभरचे अभ्यासक ती वही उघडतात. (त्याच वर्षी इथे टेकडीवर किल्ला बांधायला घेतला आणि भारताचे गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचं नाव त्याला दिलं.) पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून परत फिरताना सुयांना नाचवणार हे उघड होतं. वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. पोरबंदरचा दगड आणून, लोखंड टाळून इमारत उभी केली. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी: १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांचं नातं कळावं आणि साखळी तुटू नये. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागला समुद्राकडे जाताना ती भिंत मी लहानपणी किती वेळा ओलांडली असेल. आम्हाला एवढंच माहीत होतं की आत लोखंडाचं काही नेऊ देत नाहीत.

आज उपग्रह वरून जातो तेव्हा खाली अलिबागला, एका जागी न हलता, कोणीतरी तेच मोजत असतं. जागा आणि वेळ यांचा गुंता सोडवायला आणि हाक व ओ वेगळी करायला असे जमिनीवरचे आकडे लागतात. सिंगापूरची ती जुनी साखळी १८४५ला थांबली. इलियटचे आकडे छापलेले आहेत, पण पुढची पानं नाहीत, आणि थांबलेल्या वर्षांतलं आता कुठलाही उपग्रह परत मोजून देऊ शकत नाही.

मुलीची वही अजून चालू आहे. आकडे लिफ्टने बिघडलेले, तरी रोज सात वाजता ती लिहिते. आता शेजारी 'लिफ्ट चालू' किंवा 'लिफ्ट बंद' असंही लिहिते. ऑगस्टमध्ये तिला ताप आला आणि चार दिवस राहून गेले. बरी झाल्यावर ती पेन्सिल घेऊन बसली.

"आई, आधीचे आकडे बघून मधले चार भरू का? साधारण तेवढेच असतील."

"नको, रिकामे ठेव. ताप होता असं लिही."

तिने लिहिलं. डिसेंबरात आम्ही अलिबागला जाणार आहोत. बाबांना फोनवर सांगून ठेवलं आहे की आल्या आल्या आधी ओटीवर डबी उघडायची आहे. तिला सुई सरळ झालेली बघायची आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.